दुभाष्या बाईंना, चारचौघांत

बाई, सप्रेम नमस्कार.

मानधनाचं पाकीट परत केलंत आणि वर बजावलंत, "माझं नाव कुठं छापू नका." नाही छापत. पण आभार मानू नका असं काही म्हणाला नव्हतात.

चूक आमचीच. धर्म, संघर्ष आणि शांतता यांवर वाचनालयात तीन संध्याकाळ व्याख्यानं ठरवली. पाहुणे इंग्रजीत बोलणार हे महिनाभर ठाऊक होतं, नि दुभाष्याची आठवण झाली आदल्या रात्री. तुम्ही एका फोनवर फोंड्याहून आलात.

पहिल्या दिवशी पाहुण्यांनी बेलफास्ट सांगितलं. उत्तर आयर्लंडच्या संघर्षात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली, १० एप्रिल १९९८ ला करार झाला. पण १९६९ पासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये उभ्या राहिलेल्या भिंती बऱ्याच ठिकाणी तशाच आहेत. मग 'पीसबिल्डिंग' आलं. तुम्ही 'शांतता-निर्माण' म्हणालात आणि मागच्या बाकांवरच्या जांभया बघून थांबलात. "खाजनाचा बांध असतो ना, तसं. एकदा घातला म्हणून भागत नाही. खेकडे भोकं पाडतात, मानशीची दारं कुजतात. आणि फुटला की खारं पाणी कुणाचं शेत ते विचारून शिरत नाही." (खाजन म्हणजे आमच्या गोव्यातली, खाडीकाठची, बांध घालून राखलेली शेतजमीन; मानस म्हणजे त्या बांधातली पाणी सोडायची-अडवायची वाट.) आडपई-दुर्भाटकडच्या बांधांवर राबलेली मंडळी सरसावून बसली. पाहुण्यांनीच मग खाजन म्हणजे काय ते विचारलं, आणि दहा मिनिटं व्याख्यान उलटं चाललं!

खरे आभार मात्र दुसऱ्या संध्याकाळचे. एक मुलगा उठला, आवाज कापत होता. "१५८३ साली पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या पुढारी गावकरांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारलं. आधी त्याचं बोला, मग शांततेचं." मला वाटलं, तुम्ही हे जरा मऊ करून सांगाल. (मी तेच केलं असतं.) तुम्ही शब्दाला शब्द सांगितलात. त्याआधी १५ जुलैला कुंकळ्ळीत पाच जेझुइट धर्मप्रसारक मारले गेले होते, तेही सांगितलंत. आणि "हे माझं, त्याचं नव्हे," असंही.

पाहुणे गप्प. बोलला तो मूळचा कुंकळ्ळीचा, आमचा एक ख्रिस्ती शेजारी. फातर्प्याहून देवीच्या छत्रोत्सवात कुंकळ्ळीच्या बारा वांगडांच्या, म्हणजे घराण्यांच्या, बारा छत्र्या निघतात, त्या मिरवणुकीत हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरचे चालतात, हे त्यानं सांगितलं. शेवटी म्हणाला, "आमी विसरूंक नात." ते इंग्रजीत सांगण्याआधी तुम्ही पाण्याचा घोट घेतलात.

तिसऱ्या दिवशी पाऊस, माणसं जेमतेम वीस.

तो मुलगा परवा पुस्तक बदलायला आला होता. राग गेलेला नाही. पुढच्या वेळी त्याच बाई येणार का, एवढं विचारून गेला.

तुमचं चष्म्याचं घर राहिलंय, कपाटात ठेवलंय. न्यायला या.

देव बरें करूं.

वाचनालयाचा चिटणीस