आजीला ते औषध का नाही

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

आजीच्या अल्झायमरबद्दल, म्हणजे तिच्या विस्मरणाच्या आजाराबद्दल, फोनवर तू तावातावाने विचारलंस, "मेंदूतल्या प्रथिनांच्या गुठळ्या साफ करणारं औषध आलंय ना, मग आजीला का देत नाही?" मी "आता उपयोग नाही" म्हणाले आणि तू चिडलास. चिडणं रास्त आहे, कारण तेवढं उत्तर पुरेसं नव्हतंच. आयुष्यभर विद्यार्थ्यांना पॅथॉलॉजी शिकवली, तर तुला नीट सांगायला काय हरकत आहे?

तुझ्या बोलण्यात गुठळ्या करणाऱ्या या प्रथिनांचा उल्लेख बाहेरून आलेल्या विषासारखा येतो. तसं नाही रे. त्यातलं मुख्य, अमिलॉइड-बीटा, तुझ्याही मेंदूत आत्ता तयार होतंय. चेतापेशीच्या आवरणात एक मोठं प्रथिन असतं. दोन विकरं त्याला दोन ठिकाणी कापतात आणि साधारण 40 अमिनो आम्लांचा तुकडा सुटतो. कधी काप जरा पुढे बसतो आणि 42 चा तुकडा निघतो. तो जास्त चिकट. निरोगी मेंदू हे तुकडे रोजच्या रोज मोडतो, वाहून नेतो. वय वाढतं तशी ही सफाई मंदावते, तुकडे एकमेकांना धरू लागतात, त्यांची घडी बदलते. बिघडलेल्या घडीचा तुकडा शेजारच्या तुकड्यालाही आपल्यासारखं व्हायला लावतो. चेतापेशी विभागून नव्या होत नाहीत, म्हणून पेशीत साचलेला माल नव्या पेशींत वाटला जाण्याचीही सोय नाही.

1906 साली आलोइस अल्झायमर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी दाखवल्या : पेशींच्या बाहेरचे गोळे (हेच अमिलॉइडचे) आणि पेशींच्या आतले गुंते. साहजिकच पुढे गोळेच गुन्हेगार ठरले. मीही कित्येक वर्षं वर्गात तेच चित्र फळ्यावर काढत असे, पुस्तकातच तसं होतं. पण स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्या अनेक वृद्धांच्या मेंदूतही मृत्यूनंतर असे गोळे सापडतात. उलट विस्मरण किती गंभीर आहे, याचा अंदाज गोळ्यांच्या संख्येपेक्षा किती सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधले जोड, नाहीसे झाले यावरून जास्त चांगला येतो.

मग सिनॅप्स मोडतं कोण? बहुतेक संशोधकांचा संशय आज अमिलॉइडच्या लहान पुंजांवर आहे. दोन-चार ते काही डझन तुकड्यांचे हे पुंज पाण्यात विरघळलेले राहतात, आणि नेहमीच्या रंजकांनी ते दिसतही नाहीत. 2008 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतून हे विरघळणारे पुंज काढून उंदरांच्या मेंदूच्या कापांवर सोडले, तर आठवण साठवताना सिनॅप्स जशी बळकट व्हायला हवीत तशी झाली नाहीत. गोळ्यांचे घट्ट गाभे टाकले तर फारसं काही बिघडलं नाही. तेच गाभे रसायनांनी फोडले, आतले पुंज मोकळे झाले, आणि पुन्हा नुकसान दिसलं! म्हणजे गोळा हा एका अर्थी कोंडवाडा. मात्र तो गळका असतो, म्हणून त्याच्या भोवतालची सिनॅप्स जास्त मरतात.

हे पुंज चेतापेशीच्या आवरणाला चिकटतात. कॅल्शियम नको तितकं आत येतं, ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिका दमतात. मेंदूच्या सफाई पेशी, मायक्रोग्लिया, धावून येतात. पण सतत चेतवल्या गेल्या की दाह वाढवतात. उंदरांमध्ये तर त्या शाबूत सिनॅप्सही खाताना दिसल्या आहेत. याच सुमारास पेशीच्या आतलं टाऊ नावाचं दुसरं प्रथिन बिघडतं. पेशीतून मालाची ने-आण ज्या सूक्ष्मनलिकांवरून होते त्यांना टाऊ धरून ठेवतं, रुळांना स्लीपर धरतात तसं. त्यावर फॉस्फेटचे गट प्रमाणाबाहेर चढले की ते सुटतं आणि स्वतःचेच गुंते करतं. टोकाकडचा पुरवठा थांबतो. बिघडलेलं टाऊ एका पेशीतून जोडलेल्या दुसऱ्या पेशीत जातं, आणि अल्झायमरमध्ये स्मृतीच्या भागातून हळूहळू बाकीच्या मेंदूत त्याचा पसारा वाढतो. पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाची कथा बरीचशी अशीच. तिथे आधी बिघडणाऱ्या पेशी वेगळ्या, म्हणून लक्षणं वेगळी.

आता औषध. लेकॅनेमॅब या, अमिलॉइड साफ करणाऱ्या प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) अमेरिकेत 2023 साली पूर्ण मान्यता मिळाली. चाचणीत 18 महिन्यांत घसरणीचा वेग सुमारे 27 टक्क्यांनी कमी झाला. नीट वाच : वेग कमी झाला, घसरण थांबली नाही, गेलेलं परत आलं नाही. ही चाचणी अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवर होती. त्यातही औषध घेणाऱ्या साधारण आठांपैकी एकाच्या मेंदूत स्कॅनवर सूज दिसली, बहुतेकांना त्रास न होता. काहींना रक्तस्रावही झाला. अमिलॉइड साचायला लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरुवात होते. आजीचा आजार मधल्या टप्प्याच्याही पुढे गेलाय. तिथे बरीचशी सिनॅप्स उरलेलीच नाहीत, टाऊ आपल्या वाटेने पसरतंय. अमिलॉइड धुऊन काढून तिच्या वाट्याला फक्त धोका येईल. माझं मत विचारशील तर हे औषध फसवं नाही, पण वर्तमानपत्रं म्हणतात तेवढं मोठंही नाही.

तू विचारलं नाहीस, पण मनात असेल म्हणून लिहिते. एका जनुकाच्या दोषामुळे घराण्यात हमखास उतरणारा अल्झायमर एक टक्क्याहूनही कमी रुग्णांत असतो, आणि तो बहुधा साठीच्या आत गाठतो. आजीचा उतारवयातला आहे. आपला धोका थोडा वाढतो, एवढंच.

तिची डोनेपेझिलची गोळी चालू आहे. ती या प्रथिनांना हातही लावत नाही. उरलेल्या पेशींच्या संदेशांना ॲसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन थोडं जास्त वेळ मिळावं, एवढंच तिचं काम. आता ती चालू ठेवायची की बंद करायची, हे पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना विचारायचं आहे. तुझे प्रश्न त्याआधी लिहून पाठव, आणि बाबांनाही एक फोन कर.

तुझी
आई