कृतीसोबत स्क्रूचे मापही छापा

संपादक महोदय,

घरी करता येण्याजोग्या वैज्ञानिक उपकरणांच्या कृती वर्तमानपत्रांच्या विज्ञान पानांवर अधूनमधून येतात. मी त्या आवर्जून वाचते, कात्रणेही जपून ठेवते. पण भूकंपमापक असो की नाजूक तराजू, त्यात एक वाक्य ठरलेले असते : ‘तळाला तीन स्क्रू बसवून उपकरण समतल करून घ्यावे.’ कोणते स्क्रू, आटे किती बारीक, पाय एकमेकांपासून किती लांब, याचा उल्लेख नसतो. संवेदनशील उपकरणात खरी मेहनत तिथेच असते.

मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते आणि आता घरी आडव्या लंबकाचा भूकंपमापक चालवते, म्हणून त्याचेच उदाहरण देते. दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, २० सेकंद हवा असेल तर साध्या लंबकाला सुमारे १०० मीटर दोरी लागेल. आडव्या लंबकात ते अर्ध्या मीटरच्या दांडीवर जमते, कारण तिचा आस उभ्या रेषेपासून जेमतेम ०.३ अंश कललेला असतो आणि दांडी तिरक्या बिजागरीवरच्या फाटकासारखी संथ झुलते. त्याच कारणाने बाजूचा झुकाव तिथे सुमारे २०० पटींनी वाढून दिसतो. आता नेहमीचा ६ मि.मी.चा बोल्ट घ्या. त्याच्या एका फेऱ्यात पाय १ मि.मी. उचलला जातो. पाय ३०० मि.मी. अंतरावर असतील, तर नुसत्या एक दशांश फेऱ्याने दांडीचे टोक तीन सेंटिमीटरहून जास्त सरकते! अशा वेळी पाणसळ काय सांगणार? तिथे लंबक स्वतःच सर्वांत चांगली पाणसळ.

बारीक आट्यांचा स्क्रू मिळाला तर उत्तमच. बारीक जाडी मोजणाऱ्या मायक्रोमीटरचा आटा साधारण अर्ध्या मि.मी.चा असतो, म्हणजे एका फेऱ्यात तो तेवढाच सरकतो; जुन्या, जबडा वाकलेल्या मायक्रोमीटरचे डोके सुंदर पाय होते. लेथवाला ओळखीचा असेल, तर एकाच दांड्यावर वर ८ मि.मी. जाडीच्या आणि खाली ६ मि.मी. जाडीच्या बोल्टचे आटे पाडून घ्यावेत. वरचा नट तळपाटात पक्का आणि खालचा पायात, पण पाय स्वतःभोवती फिरणार नाही असा अडवलेला. पहिला आटा एका फेऱ्यात १.२५ मि.मी. सरकतो, दुसरा १ मि.मी., दोन्ही उजवे. म्हणजे एका फेऱ्यात पाय फरकाइतकाच, पाव मि.मी., हलतो.

यातले काही मिळाले नाही, तरी साध्या बोल्टवर निभावते. त्याच्या डोक्यावर ६० मि.मी. व्यासाची चकती बसवा. चकतीची कड बोटाने १ मि.मी. सरकवली, की पाय फक्त ५ मायक्रॉन, म्हणजे मि.मी.चा सुमारे दोनशेवा भाग, हलतो. तळपाट जमेल तितका लांब-रुंद ठेवा. तीन पाय काटकोनात लावा : एक कोपऱ्यावर, दुसरा दांडीच्या दिशेने, तिसरा आडवा. मग दुसऱ्याने दोलनकाल बदलतो, तिसऱ्याने दांडी मध्यावर येते, आणि एकाच्या फिरवण्याने दुसऱ्याचे काम बिघडत नाही. स्क्रू जागेवर घट्ट धरणारा दुसरा नट, म्हणजे लॉकनट, आवळताना पाय हमखास हलतो, म्हणून मला तो मुळीच आवडत नाही. आट्याच्या भोकापर्यंत तळपाटाला चीर देऊन बाजूच्या स्क्रूने हलकेच चिमटावे. स्क्रू घट्ट पण फिरता राहतो. टोकाला बेअरिंगचा छर्रा, त्याखाली धातूच्या चकत्या : एकीत शंकूसारखा खळगा, दुसरीत इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच, तिसरी सपाट. उपकरण उचलून परत ठेवले तरी जागेवर येते. तिन्ही स्क्रू एकाच धातूचे आणि एकाच लांबीचे हवेत. पितळ पोलादापेक्षा उष्णतेने जास्त फुगते, आणि दोहोंची सरमिसळ केली तर खोलीचे तापमान बदलताच दांडी सरकू लागते.

आपल्या विज्ञान पानाला माझी विनंती आहे, की यापुढे अशी कृती छापताना आट्याचे माप, पायांमधली अंतरे आणि स्क्रूचा धातू एवढे तरी जरूर द्यावे. लेखकाने दिले नसेल तर विचारून घ्यावे. आणि ज्या प्रयोगशाळा जुने तराजू, थिओडोलाइट, स्फेरोमीटर भंगारात काढतात, त्यांनी वजनावर विकण्याआधी त्यांचे समतल करणारे स्क्रू नटांसह सोडवून ठेवावेत आणि मागायला येणाऱ्या मुलांना द्यावेत.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक