कमी खर्चात पौष्टिक? कोणाच्या खर्चात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतलं ‘कमी खर्चात पौष्टिक’ हे अख्खं पान वाचलं. त्याच दिवशी लिहायला बसणार होते, पण रागाच्या भरात लिहू नये म्हणून थांबले. आज सोमवार उजाडला, राग जागच्या जागी आहे, म्हणून हे पत्र.

सोमवारी बदामाच्या दुधातले ओट्स, मंगळवारी क्विनोआचा उपमा, बुधवारी टोस्टवर अ‍ॅव्होकॅडो. गुरुवारपासून पुढचं मी वाचलंच नाही. लेखिकाबाईंचा अभ्यास असेल, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ‘बाहेरची रोजची एक कॉफी कमी केली तर महिन्याच्या फळांचे पैसे सुटतात’ हे वाक्य छापण्याआधी आपल्या कार्यालयात कोणीतरी वाचलं असेलच ना? आम्ही बाहेर कॉफी पीतच नाही. मग आमच्या घरात फळं कशातून आणायची, तेही त्यांनी जाता जाता सांगायला हवं होतं.

एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. पण ते पान वाचताना आमच्या सासूबाईंना मिळालेला कागद आठवला, आणि डोकं फिरलं.

गेल्या थंडीत त्यांना चालताना धाप लागायला लागली. तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. इथल्याच एका मोठ्या खासगी दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी पाहिलं, गोळ्या लिहिल्या आणि ‘खाली आहारतज्ज्ञ मॅडमना भेटून जा’ म्हणाले. त्याचे पाचशे वेगळे. मॅडम तरुण होत्या, वागायला गोड. त्यांनी विचारलं, “आजी, रोज काय खाता?” सासूबाई म्हणाल्या, “भाकरी, डाळ, शेंगाची चटणी, असेल ती पालेभाजी.” मॅडमनी मान हलवली आणि म्हणाल्या, “भाकरी बंद करा, या वयात जड पडते. मल्टिग्रेन ब्रेड चालेल.” सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि विचारलं, “भाकरी बंद केल्यावर जेवायचं काय, बाई?”

हातात छापील कागद मिळाला, तोही इंग्रजीत. धाकट्या लेकानं घरी वाचून दाखवला. ब्रोकोलीचं सूप, किवी एक, मखाणे मूठभर, ऑलिव्ह तेल दोन चमचे. सासूबाई माळकरी, त्यांना अंडं-मटण चालत नाही, हे मॅडमना सांगितलं होतं. तरी कागदावर मासा होताच. म्हणजे कागद सगळ्यांना एकच. वर बाहेरच्या खिडकीतून प्रथिनांच्या पावडरीचा ४०० ग्रॅमचा डबा घ्यायला लावला, साडेसातशे रुपयांचा.

घरी येऊन मी हिशेब केला. सध्या शेंगदाणे दीडशे रुपये किलोनं मिळतात. साडेसातशेत पाच किलो आले असते. शंभर ग्रॅम दाण्यांत पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, हे धाकट्याच्या पुस्तकातही आहे. पाच किलोंत सव्वा किलो झाली. त्या डब्याचं सगळं वजन, साखर आणि व्हॅनिलाचा वास धरून, ४०० ग्रॅम. ज्या पेशंटला खरंच चावता-गिळता येत नाही त्याला डबा लागत असेल, मी नाही म्हणत नाही. सासूबाई कडक भाकरी मोडून खातात!

शेवटी उपयोगी पडल्या त्या वस्तीतल्या आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्त्या. सरकारी केंद्रातून लोहाच्या गोळ्या फुकट आणून दिल्या. ओट्यापाशी उभ्या राहून पाच मिनिटं बोलल्या. जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, अन्नातलं लोह अंगी लागत नाही. डाळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळायचं. अळीव दुधात भिजवून गुळाची खीर करायची. हरभऱ्याचा पाला सध्या बाजारात आहे, तो वाळवूनही ठेवा. पातेल्यात काय शिजतंय ते झाकण काढून बघितलं, त्यात मुगाची डाळ होती. “हेच चालू ठेवा, फक्त डाळ जरा घट्ट करा,” म्हणाल्या. चहा सोडवायला मात्र घरात भांडणं झाली. उन्हाळ्यापर्यंत हिमोग्लोबिन साडेदहावर गेलं. गोळ्यांनी गेलं की पाल्यानं, देव जाणे. ब्रोकोलीनं नाही, एवढं नक्की.

तर संपादक महोदय, आपल्या पुरवणीत अशा आशाताईला कधी लिहायला सांगितलंत का?

आता आपल्या पानावरच्या चौकटीतल्या सल्ल्यांबद्दल. ‘घाऊक खरेदी करा, पैसे वाचतात.’ वाचतात, कबूल. आमच्या घरातला पगार यंत्रमागाचा, आठवड्याला मिळणारा, आणि मी पिको-फॉल करते त्याचे जे येतील ते. पूर्वी सासऱ्यांच्या काळात वर्षाची ज्वारी भरायचे, कडुनिंबाचा पाला घालून. आज पोतंभर ज्वारीचे पैसे एका दमात कुठून काढायचे? म्हणून तीन-तीन किलो आणायची, ती महाग पडते. तेल पिशवीतलं, तेही अर्ध्या लिटरचं. ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच स्वस्त मिळतं, हे किराणा दुकानात उभं राहिलेल्या कोणालाही माहीत आहे. आपल्या चौकटीला माहीत नाही.

ज्वारीचं तर विचारूच नका. आमच्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ हे भरड धान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, शहरातल्या लोकांना भाकरीचा शोध लागला. आनंद आहे. पण चांगली ज्वारी आता गव्हापेक्षा महाग, आणि रेशनवर माणशी पाच किलो जे फुकट मिळतं त्यात आमच्या दुकानात येतो तांदूळ आणि गहू. डाळ नाही, तेल नाही. मध्ये सणाला शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ यायचा, रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल. त्यातली चणाडाळ सोडली तर पौष्टिक काय होतं? तरी त्या एक किलो डाळीसाठी आम्ही रांगेत उभे राहायचो. परिणाम असा, की घरात पोळ्या आणि भात वाढला आणि भाकरी कमी झाली. लेख लिहिणाऱ्या बाई आम्हाला ‘पारंपरिक धान्याकडे वळा’ म्हणतात. आम्ही त्यापासून आपणहून दूर गेलोच कधी होतो?

त्याच पानावर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची शिफारस दिली आहे, माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी. हे मात्र चांगलं छापलंत. आम्ही घरात पाच माणसं. म्हणजे रोज दोन किलो. सरासरी साठ रुपये धरले तरी एकशे वीस, महिन्याचे छत्तीसशे. हा गुणाकार लेखातच केला असता तर खाली अ‍ॅव्होकॅडोचा फोटो टाकायला आपलाच हात धजला नसता.

भाजी आम्ही कशी घेतो ते सांगते. संध्याकाळी सातनंतर मंडईत जायचं. तेव्हा भाजीवाल्या मावश्या उरलेल्या मालाचे वाटे लावतात. मेथीच्या दोन मलूल जुड्या, मऊ पडायला लागलेले टोमॅटो, चुका, कधी तांदुळसा. मेथी घरी आणली की आधी पाण्यात टाकायची, तासाभरानं उभी राहते. कोवळे देठ बारीक चिरून डाळीत. टोमॅटो त्याच रात्री ठेचून चटणीला. चिघळची जुडी दिसली तर पहिली उचलायची, ती दुसऱ्या दिवशी राहत नाही. शेवग्याचा पाला शेजारच्या झाडाचा, फुकट. मटकी, हुलगे भिजवून फडक्यात बांधायचे. मोड आले की एका वाटीच्या तीन होतात आणि गॅसही कमी लागतो. थंडीत हुलग्याचं माडगं. हे सगळं मंडईतल्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तरी सांगितलं असतं, पुरवणीचं पान भरलं असतं आणि मानधनही वाचलं असतं. यात वेळ किती जातो हेही तिनं सांगितलं असतं. पाला निवडायला तासभर लागतो, आणि त्या तासात माझ्या दोन साड्यांचा फॉल होतो.

मुलांच्या अंड्याचीही आठवण करून देते. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला आणि शाळांना सांगितलं, लोकसहभागातून द्या. ‘कमी खर्चात पौष्टिक’ म्हणजे आणखी काय असतं हो? सात-आठ रुपयांचं अंडं. त्यावर आपण पुरवणीचं एक तरी पान लावलंत का? आपल्या त्या पानाच्या समोरच पिझ्झाची पाऊण पान जाहिरात होती, एकावर एक फुकट. तिला जागा मिळाली.

आणि एक. पूर्वी आपण रविवारी मंडईचे भाव छापत होता, किरकोळ विक्रीचे. ते सदर काही न सांगता बंद झालं. त्याचा आम्हाला खरा उपयोग होता, भाजीवालीनं जास्त सांगितलं तर कात्रण दाखवता यायचं. त्या जागी आता राशिभविष्य दुसऱ्यांदा येतं, एक रोजचं आणि एक साप्ताहिक. भाव पुन्हा सुरू करा. पौष्टिकतेचा सल्ला नाही दिलात तरी चालेल.

आपली,
एक जुनी वाचक, सोलापूर

ता. क. : त्या पानावरच्या फोटोखाली ‘ज्वारी’ असं छापलं आहे. ती बाजरी आहे. निदान सोलापूर आवृत्तीत तरी ही चूक व्हायला नको होती. खुलासा छापावा.