मोरीत टाकलेला पायमोजा

महोदय,

शाळेच्या मुलांबरोबर नुकतेच एक सांडपाणी शुद्धीकरण केंद्र पाहिले. नाकाला रुमाल लावूनच गेलो. खरी दुर्गंधी पहिल्या जाळीपाशीच होती. गजांना गुटख्याच्या पुड्या, केसांचे गुंतवळ, सॅनिटरी पॅड आणि एक अख्खा पायमोजा लटकलेला! (तो कुणाचा, यावर मुलांची बरीच चर्चा झाली.) पुढे वाळू खाली बसवून पाणी हवेच्या टाकीत सोडतात. तिथे वास चक्क ओल्या मातीचा. तळातून अखंड हवा येते, तिच्यावर जगणारे जिवाणू पाण्यातली घाण खातात. १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेली ही पद्धत. ऑपरेटरने चहाच्या रंगाचे ते पाणी लिटरभराच्या काचेच्या नळीत भरून ठेवले. अर्ध्या तासात गाळ तळाशी, वर नितळ पाणी. गाळ किती बसला यावरून टाकीची तब्येत कळते म्हणे. वीज फार वेळ गेली तर जिवाणू गुदमरतात. केंद्राच्या विजेचा मोठा वाटा या हवेवरच खर्च होतो.

आपल्या नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते, तेवढे धरणाचे पाणी वाचते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? महापालिकेने महिन्यातून एक दिवस अशी केंद्रे नागरिकांसाठी खुली ठेवावीत. आणि तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतणाऱ्यांना आधी त्या जाळीपाशी उभे करावे.

– एक निवृत्त शिक्षक, नागपूर