खटका पडायला किती वेळ लागतो?

चि. सोहम यास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा निरोप वाचला. ‘सकाळी गीझर-इस्त्री चालू असली की वीस मिनिटांनी खटका पडतो. ब्रेकर गेलाय, उद्या नवीन आणून बसवतो.’ मुद्दाम फोन केला नाही. फोनवर तू ‘हो हो’ म्हणतोस आणि शेवटी स्वतःच्या मनासारखंच करतोस. कागद निदान दुसऱ्यांदा वाचता येतो.

आधी ते ‘बसवतो’ खोडून टाक. खटका खाली असला तरी ब्रेकरच्या एका बाजूला वीज आलेलीच असते. मेन स्विच पाडलास तरी त्याच्यापर्यंत येणाऱ्या तारा जिवंतच राहतात. पेटीचं झाकण उघडणं हे वायरमनचं काम. पण दुखणं कुठे आहे ते शोधायचं काम तुझंच आहे, कारण वायरमन येतो पंधरा मिनिटांसाठी, आणि तेवढ्या वेळात खटका पडेलच असं नाही. तो गेला की पाचव्या मिनिटाला पडतो. त्या घरात तू राहतोस, तेव्हा तुझ्याइतकी माहिती त्याला असणार कुठून?

आता मला सांग, ब्रेकर ‘गेलाय’ हे तू कशावरून ठरवलंस? तो पडतो म्हणून? अरे, करंट जास्त झाला की पडून वीज तोडण्यासाठीच तर तो तिथे बसवलाय. पडायला हवा तेव्हा जो पडत नाही, तो खरा गेलेला. आणि तसला ब्रेकर घरबसल्या ओळखताही येत नाही, म्हणून मला पडणाऱ्यापेक्षा वर्षानुवर्षं गप्प असलेल्या ब्रेकरचीच भीती जास्त वाटते.

त्या छोट्या डबीत दोन राखणदार असतात. एक धीम्या स्वभावाचा. दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी. जास्त करंट वाहिला की ती तापते, दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत म्हणून वाकते आणि वाकता वाकता खटका सोडते. दुसरा तापट. ती एक गुंडाळी असते. शॉर्ट होऊन करंट एकदम उसळला की तिचं चुंबक होतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत खटका उडतो. म्हणून मी पहिला प्रश्न विचारते तो ‘काय झालं’ हा नाही, ‘किती वेळाने झालं’ हा. वर करताक्षणी पडला तर शॉर्ट. दहा-वीस मिनिटांनी पडला तर कुठेतरी काहीतरी तापतंय.

तुझ्या ब्रेकरवर इंग्रजी सी आणि शेजारी १६ असं छापलेलं आहे ना? १६ म्हणजे १६ अँपिअर. सी म्हणजे करंट त्याच्या पाच ते दहा पट झाला की तापट राखणदार तत्काळ उडवणार. बी असता तर तीन ते पाच पटीलाच उडाला असता. पण १६ चा अर्थ १७ झाले की पडला, असा नव्हे. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. घरगुती ब्रेकरच्या नियमाप्रमाणे १.१३ पट, म्हणजे साधारण १८ अँपिअरवर त्याने तासभर तग धरलाच पाहिजे, आणि १.४५ पट, म्हणजे सुमारे २३ अँपिअरवर तासाच्या आत पडलाच पाहिजे. मधल्या पट्ट्यात त्याची मर्जी.

आता तुझा हिशेब करू. सकाळी गीझर २००० वॉट, त्याच वेळी इस्त्री १००० वॉट. ३००० भागिले २३० व्होल्ट, झाले १३ अँपिअर. म्हणजे तुझा ब्रेकर १६ च्या आतच पडतोय, तोही वीस मिनिटांनी. लोड जास्त झाला म्हणावं तर आकडे जुळत नाहीत. (गीझर आणि इस्त्री एका लाइनवर कुणी ठेवली हा वेगळा विषय. गीझरला स्वतंत्र लाइन हवी. घरमालकांना विचार.) मग राहतात मुख्यतः दोन शक्यता. एक, त्या लाइनवर तुला माहीत नसलेलं आणखी काही चालतंय. दोन, पट्टी करंटने नाही, शेजारच्या उष्णतेने तापतेय.

या दुसऱ्या शक्यतेनेच आम्हाला एकदा चांगलं फिरवलं होतं. तू लहान होतास. आपल्याकडचा असाच एक ब्रेकर अर्ध्या तासाने पडायचा. नवीन बसवला, आणि सहा महिने कसली कुरकूर नाही. बाबा खूश. मग पुन्हा तेच. पुन्हा नवीन, पुन्हा सहा महिने शांतता. तिसऱ्या वेळी आलेल्या म्हाताऱ्या वायरमनने ब्रेकरकडे पाहिलंच नाही, आधी वास घेतला. मग मेन बंद करून तारेचं टोक बाहेर काढून दाखवलं, तर वरचं आवरण तपकिरी पडून कडकडीत झालेलं. स्क्रू ढिला होता. ढिल्या जोडावर रोध वाढतो, रोधामुळे जोड तापतो, ती ऊब तारेवाटे आतल्या पट्टीपर्यंत पोचते आणि पट्टीला वाटतं करंटच जास्त आहे. जोड तापून-निवून आणखी ढिला होतो, ते निराळंच. दोन्ही वेळा गुण आला तो नव्या ब्रेकरचा नव्हता, तो बसवताना स्क्रू पुन्हा आवळला गेला त्याचा होता. दोन चांगले ब्रेकर आम्ही कचऱ्यात टाकले!

तेव्हा आज रात्री एवढं कर. त्या लाइनवरच्या सगळ्या पिना काढ. नुसती बटणं बंद करून भागणार नाही, पिना सॉकेटातून बाहेर. गीझरची पिन कपाटामागे असेल तर कपाट सरकव, आळस करू नकोस. मग खटका आधी पूर्ण खाली दाब आणि मग वर कर. पडलेला खटका कधी कधी अर्धवट राहतो आणि खाली नेल्याशिवाय वर धरत नाही, त्यालाच लोक ‘बिघडला’ म्हणतात. नुकताच पडला असेल तर पाचेक मिनिटं निवू दे. काहीही जोडलेलं नसताना वर करताक्षणी पडला, तर हात लावू नकोस. दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे किंवा ब्रेकरमध्ये, दोन्ही वायरमनचे विषय. बोटाने दाबून धरायचा प्रयत्न तर नकोच. बोट वर असलं तरी आतला भाग सुटतोच, तशीच त्याची रचना असते.

वर टिकला, तर एकेक वस्तू लाव आणि प्रत्येकीला वेळ दे. एखादी लावताच पडला, तर दोष त्या वस्तूत. इस्त्रीची वायर मुठीपाशी वाकून वाकून आतून तुटते, तिथे आधी बघ.

एक राहिलंच. पडतो तो खटका नक्की कोणता? त्याच्यावर टी लिहिलेलं छोटं बटण असेल, तर वरचं सगळं विसर. तो गळती पकडणारा. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, गेलेला करंट न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, तितकाच परत आला नाही, ३० मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला, की तो पडतो. लोडशी त्याला देणंघेणं नाही. तिथे गीझरच्या कॉइलवर संशय घे, वीस मिनिटांचं गणित तिथेही बसतं, कारण कॉइल तापली की गळती वाढू शकते. आणि पिना काढायचा माझा हट्ट याच्यासाठी जास्त आहे. बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि तो अर्थला टेकला असेल तर बटण बंद असूनही खटका पडतो. ते टी बटण अधूनमधून दाबत जा. दाबून पडला नाही, तर तो मात्र खरंच गेलेला, तो बदलायचाच.

वायरमन आला की त्याला सांग, पहिल्या दिवशी फक्त स्क्रू आवळा, आणि क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावून गीझर-इस्त्री चालू असताना करंट बघा. मग दोन-तीन दिवस जाऊ देत. तरी पडला, तर तीच तार शेजारच्या १६ च्या ब्रेकरवर घ्यायची. तिथेही पडला तर दोष लाइनमध्ये, नाही पडला तर ब्रेकरमध्ये, आणि मग आण तुझा नवीन. ही दोन्ही कामं एकाच दिवशी करू देऊ नकोस, नाहीतर गुण कशाने आला ते कळणारच नाही, आमच्यासारखं होईल. तार जळकट दिसली तर तेवढा तुकडा कापून नवीन टोक काढायला सांग.

आणि तो ‘१६ च्या जागी ३२ टाकून देतो, कटकटच नको’ म्हणाला, तर चहा देऊन परत पाठव. भिंतीतली तार १६ ला साजेशी आहे, ३२ चा ब्रेकर तिच्यासाठी वेळेत पडणारच नाही. तार तापत राहील आणि खटका मजेत वर. बाबांनी हा उद्योग एकदा केलाय, त्यांना वितळलेल्या सॉकेटबद्दल विचार. सांगतात का बघ.

उद्या सकाळी इस्त्री न लावता नुसता गीझर चालू कर आणि घड्याळ बघ. नऊ अँपिअरपेक्षाही कमी होतात ते. पडला तर किती मिनिटांनी, आणि खटक्याच्या आसपास वास येतो का, तेवढं कळव. झाकण लावलेलंच ठेवून पेटीचा एक फोटो पाठव, अंगठा मध्ये न आणता.

तुझी,
आई