एकट्याने खेळायला कोण होऊ?

प्रिय पक्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. चूक माझी. तब्येत ठीक आहे, पाठ अधूनमधून धरते, आई बरी आहे. आता जे सांगायला बसलोय ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "खेळ तर आहे, त्यात काय एवढं" म्हणेल, म्हणून तुलाच लिहितोय.

मी परत वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट सुरू केलंय, आपला तो ऑनलाइन खेळ. क्लासिक, म्हणजे २०१९ मध्ये परत आणलेलं आपल्या वेळचं रूप. रात्री चिऊ झोपली की अर्धा-पाऊण तास मिळतो, तेवढाच. त्यामुळे गिल्डची टोळी नाही, ग्रुप नाही, एकट्यानेच. सवयीने वॉरियर केला, पुढे उभा राहून मार खाणारा गडी. दहाव्या लेव्हलपर्यंत रेटला आणि वेस्टफॉलमध्ये अडकलो. तिथला डिफायस टोळीतला दरोडेखोर मरायला टेकला की पाठ फिरवून पळतो, आठवतंय ना? त्याचा पळ मंदावणारा हॅमस्ट्रिंग मारायला मला एक क्षण उशीर झाला आणि पठ्ठ्या आणखी दोघांना घेऊन परत आला. तिघे अंगावर, आयुष्याची पट्टी भराभर उतरतेय, आणि माझी बोटं चॅटमध्ये, जखमा भर म्हणून, "पक्या हील" लिहायला गेली. "पक्" लिहून झालं होतं रे. मग मेलो. स्मशानातून प्रेतापर्यंत भूत होऊन चालत येताना सगळा वेळ तेच डोक्यात होतं.

तेव्हापासून कॅरेक्टर निवडायच्या पडद्यासमोर तीन रात्री काढल्या. तू हसशील, पण मला खरंच सुटेना. आपण इतकी वर्षं खेळलो, पण "मला एकट्याला काय झेपेल" हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. मी पुढे उभा राहायचो, तू मागून हील करायचास, विषय संपला. या क्लासची, म्हणजे कॅरेक्टरच्या प्रकारांची, मुळं टेबलावरच्या खेळात आहेत. १९७४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. एकाकडे अंगबळ, एकाकडे मंत्र, एकाकडे जखमा भरून काढायची विद्या. चार जण एकत्र बसणार हे धरूनच प्रत्येकाला अर्धं ठेवलेलं. वॉरियर त्यातला सगळ्यात जास्त अर्धा. लढाई सुरू होताना त्याची रेज, म्हणजे वार करायची ताकद, रिकामी, जखम भरायला बँडेजशिवाय स्वतःचं काही नाही, दर दोन मारामाऱ्यांनंतर खाली बसून खा. अर्ध्या तासातली दहा मिनिटं बसण्यातच जातात.

मग एकेक तपासायला घेतले. पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, मरत नाही, हे खरं. स्वतःला बरं करतो, अगदीच गळ्याशी आलं तर ढाल लावून सुटतो. पण वार इतके सावकाश की एकेक रानडुक्कर पडेपर्यंत डोळा लागतो. मेज, म्हणजे जादूगार, लांबूनच गोठवून मारतो, खायला-प्यायला स्वतःच बनवतो, पण अंगावर नुसतं कापड. एक चूक झाली की खेळ खलास, आणि रात्री अकराला माझ्याकडून एक चूक होतेच. वॉरलॉकला दहाव्या लेव्हलला व्हॉइडवॉकर नावाचा पाळीव राक्षस मिळतो, तो समोरच्याला अंगावर घेतो आणि आपण मागून शाप टाकत बसायचं. निल्या म्हणायचा, वॉरलॉकला मित्र लागत नाहीत. निल्याचं लग्न झाल्यावर ते आपल्याला पटलंच. ड्रुइड दहाला अस्वल होतो, विसाला मांजर, शिवाय स्वतःला हीलही करतो; तो अजून मनात आहे. प्रीस्टवर, म्हणजे हील करणाऱ्या धर्मगुरूवर, माउस नेला आणि बाजूला घेतला. ती तुझी जागा.

लोक विचारतात जास्त मार कोण देतो. माझ्यासारख्याने दोनच गोष्टी बघाव्यात असं माझं ठाम मत झालंय: अचानक दोघे अंगावर आले तर जगतो का, आणि मध्येच उठावं लागलं तर उठता येतं का. चिऊ रडली की मी त्या क्षणी खुर्चीतून उठणार, समोर कोणी का असेना. फायनल फँटसी १४ या दुसऱ्या ऑनलाइन खेळात हा घोर नाही, एकाच कॅरेक्टरला सगळे जॉब, म्हणजे तिथले क्लास, शिकता येतात. चुकलं तर हत्यार बदला, की जॉब बदलला. इथे निवडलं की निवडलं.

शेवटी नाईट एल्फ हंटर केला. नाईट एल्फ ही जात एवढ्यासाठी की लढाई नसेल तर शॅडोमेल्डने जागच्या जागी दिसेनासं होता येतं. परवा चिऊ उठली, तिला थोपटून वीस मिनिटांनी आलो, तर माझा गडी होता तिथे जिवंत. आणि हंटर एवढ्यासाठी की दहाव्या लेव्हलला प्राणी पाळता येतो. आधी तीन प्राणी तात्पुरते माणसाळवून दाखवायचे, मग आपला आपण पकडायचा. डार्कशोअरला जाऊन मी एक अस्वल धरलं. ते पुढे जाऊन गुरगुरतं, मार खातं. मी मागून बाण मारतो. बाराव्या लेव्हलला मेंड पेट, म्हणजे प्राण्याच्या जखमा भरायची विद्या, मिळालं. आणि खरं सांगायचं ते इथे आहे.

मेंड पेट चालू असताना बाण मारता येत नाही. एकतर मारा, नाहीतर जगवा. पहिल्याच मोठ्या भांडणात मी "अजून एक बाण, अजून एक बाण" करत राहिलो. समोरच्याची पट्टी बघत होतो, अस्वलाची नाही. नजर वळवली तोवर ते आडवं झालं होतं.

पक्या, डिफायसच्या म्होरक्याला, व्हॅनक्लीफला, मारायला गेलो त्या रात्री मी सगळ्यांदेखत तुला "झोपला होतास का?" म्हणालो होतो. तू उत्तर न देता लॉगआउट झालास आणि तीन आठवडे आला नाहीस. तेव्हा मला वाटलं मोठा राग येतो याला. तू पाच जणांच्या पट्ट्या बघत होतास, मॅना, म्हणजे मंत्रांची ताकद, तळाला गेला होता, त्यात व्हॅनक्लीफने साथीदार बोलावले होते. मला एक अस्वल सांभाळता आलं नाही. इतकी वर्षं मी ते चुकीचं धरून बसलो होतो. माफ कर.

तुझं काय? बदलीचं झालं का? वहिनींची परीक्षा कधी आहे? अनूला दात आले असतील आता. फोटो पाठव.

आणि एक. अस्वलाचं पोट भरलं नाही तर ते रुसतं आणि नीट मारत नाही, त्यामुळे नाव काय ठेवायचं हे मला लगेच सुचलं. पण इथे नाव एकदाच ठेवता येतं, नंतर बदलत नाही, म्हणून अजून नुसतं "अस्वल"च आहे. तुझी हरकत असेल तर या आठवड्यात कळव.

तुझा,
सम्या