लाल पेनवाल्या ताईंना

आदरणीय ताईंना, सप्रेम नमस्कार.

"माझं नाव कुठं छापायचं नाही," असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानणार. माझ्या लेखाची चिरफाडही तुम्ही भर कचेरीत, चहावाल्या पोरासमोर केली होती.

माझा मावसभाऊ रात्री मोटारसायकलवरून येताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. पाय तीन ठिकाणी मोडला. आठवड्याभरात मी रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्यांवर अकराशे शब्द घेऊन तुमच्यापुढं हजर. मथळा : 'प्रशासनाचे डोके ठिकाणावर आहे काय?' तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "टिळकांनी १८९७ साली 'केसरी'त सरकारला हे विचारलं, तेव्हा पुण्यात प्लेग होऊन गेला होता, रँडवर गोळी झाडली गेली होती आणि सरकार अख्ख्या शहरावर राग काढत होतं. त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सजा झाली. तुमच्या मथळ्यामागं काय आहे?"

माझ्याकडं नुसता संताप होता.

मग लाल पेन निघालं. 'झोपेचे सोंग', 'जनतेला वाऱ्यावर सोडले', 'आणखी किती बळी हवेत?' ही माझी लाडकी वाक्यं एकेक करून गेली. "ही खड्ड्यांवरच्या लेखातही चालतील आणि पाणीटंचाईवरच्याही. काढा." त्यात मावशीच्या तोंडची एक ओळही गेली. ती राहायला हवी होती, असं मला आजही वाटतं, भेटल्यावर भांडूच.

"हे वाचून कुणी काय करायचं?" तुम्ही विचारलंत. सरकारनं कारवाई करावी, मी म्हणालो. "सरकार म्हणजे कोण? आरटीओ, पोलीस, की कारखाना? उद्या सकाळी काही करू शकेल असा एक माणूस दाखवा." मला दाखवता येईना. तेव्हा म्हणालात, ट्रॉलीवाल्याला भेटा आणि त्याची बाजू त्यालाही पटेल अशी लिहून आणा. खरं सांगतो, तुमचा राग आला. भाऊ खाटेवर पडलेला, आणि मी ट्रॉलीवाल्याची वकिली करू?

तरी गेलो. कारखान्याच्या यार्डात रांग लागली होती. एका ड्रायव्हरनं मला ट्रॉलीमागं नेलं आणि पाचट बाजूला केलं. आत रिफ्लेक्टर होते! ऊस भरला की हातभर मागं येतो, त्याची टोकं आणि पाला त्यांवर लोंबतो. उरलेलं चिखल झाकतो. "रिकामी असली की चमकतंय की," तो म्हणाला. घरी बसून हे वाक्य मला सात जन्मांत सुचलं नसतं. दंडाच्या पावत्या फाडून ते रिफ्लेक्टर दिसणार नव्हते. भरल्यानंतर मोळ्यांवर मागून बांधायचं चमकणारं कापड हवं होतं. आणि प्रत्येक भरलेली गाडी काट्यावर येतेच. कापड आहे की नाही, हे तिथला माणूस वजनाबरोबरच बघू शकत होता. तुम्ही मागितलेला माणूस सापडला.

दुसरा खर्डा सहाशे शब्दांचा झाला. त्यात ड्रायव्हर आधी आला, काटा नंतर, आणि माझा संताप दोन ओळींत मावला. तुम्ही फक्त मथळा बदललात : 'भरलेली ट्रॉली दिसत नाही'. छापून आला त्या दिवशी एका संचालकांचा फोन आला. "ड्रायव्हरचं बरोबर लिहिलंय हो, पण काट्यावर तपासायचं आमच्या गळ्यात कशाला?" काट्याची गोष्ट अगदी शेवटच्या परिच्छेदात होती. म्हणजे त्यांनी लेख तिथवर वाचला होता! त्या हंगामात थोड्या ट्रॉल्यांना कापडं लागली, बऱ्याच तशाच धावल्या. त्यांच्यावर पुन्हा लिहायला घेतलंय.

सध्या ६४० शब्द झालेत. चाळीस कुठले काढायचे ते समजेना. या खेपेला मात्र लाल पेन मीच विकत घेतलंय.

तुमचा,
ट्रॉलीवाला (कचेरीतली पोरं अजून याच नावानं हाक मारतात)